पान्यातला नेम

प्रीसेट टॉर्क पान्यावर आकडा नसतो. साध्या टॉर्क पान्याच्या मुठीवर रेघा आणि आकडे असतात. मूठ फिरवून ४० लावायचे की ६०, हे वापरणाऱ्याच्या मर्जीवर असते. प्रीसेट पान्यातून ही मर्जी मुद्दाम काढून घेतलेली असते. आतली स्प्रिंग किती दाबून ठेवायची हे कॅलिब्रेशनच्या खोलीत, पाना मोजणीच्या यंत्रावर चढवून, वेगळ्या चावीने ठरते. मग टोपण बसते, सील लागते, तारखेचे स्टिकर चिकटते आणि पाना लाईनवर येतो. लाईनवरच्या माणसाच्या वाट्याला येते ती एक मूठ आणि एक आवाज. ओढत जायचे. ठरलेला जोर भरला की आतला छोटा ठोकळा कलंडतो, हाताला हलका झटका बसतो, क्लिक होते आणि थांबायचे. साताऱ्याच्या, शिरवळच्या, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत किंवा फलटणजवळ कमिन्सची इंजिने जिथे जुळतात तिथे जोडणीचे काम म्हणजे पुष्कळसे हेच: तोच बोल्ट, तोच पाना, तोच आवाज, शिफ्ट संपेपर्यंत. कुठला पाना निवडायचा याचे व्यवहारी उत्तर यातच आले. जिथे एका जागी एकाच मापाचा बोल्ट दिवसभर आवळायचा आहे तिथे प्रीसेट घ्यावा. जिथे दर तासाला वेगळे यंत्र उघडायचे आहे अशा दुरुस्ती खात्यात आकड्यांचाच पाना बरा. तंत्राच्या पुस्तकाचे काम इथे संपते. मला पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. योग्य तेवढेच करायचे, कमी नाही आणि जास्त नाही, हा निर्णय जर हत्यारातच भरून ठेवला, तर ते योग्य कर्म कोणाचे? आणि ज्याला चुकताच येत नाही त्याच्या बरोबर असण्याला काही किंमत उरते का?

मराठीत या पान्यासाठी एक शब्द तयार आहे: नेम. एकादशीचा उपास हा नेम, वारीला जाणे हा नेम. बंदूक रोखणे हाही नेम, आणि ज्या माणसाचा भरवसा नाही त्याच्याबद्दल आपण ‘त्याचा काही नेम नाही’ म्हणतो. बंधन, लक्ष्य आणि भरवसा या तिन्ही अर्थांना एकाच शब्दाने धरणारी भाषा बोलणाऱ्यांना प्रीसेट पाना परका वाटायचे कारण नाही. नेम करणारा माणूस नेमके काय करतो? मन शांत असताना तो एक मर्यादा ठरवतो आणि मन शांत नसताना ती मोडायची मुभा स्वतःला ठेवत नाही. उपासाचा निर्णय भूक लागल्यावर घ्यायचा नसतो. पान्यातली स्प्रिंगही अशीच, घाईगर्दी नसलेल्या खोलीत दाबलेली असते. पाळी संपायला दहा मिनिटे उरली आहेत, मनगट दुखते आहे, सुपरवायझर आकडा मागतो आहे, अशा वेळी ‘पुरेसे’ म्हणजे किती हे त्या थकलेल्या मनगटाने ठरवू नये म्हणून ते आधीच ठरलेले असते. माझे म्हणणे असे आहे की हा पाना माणसाची नैतिक जबाबदारी काढून घेत नाही. तो ती हलवतो. एका जागी ती कमी होते आणि दुसऱ्या दोन-तीन जागी वाढते. त्या जागा कोणत्या, हे ओळखता न येणे हा खरा धोका आहे. पाना वापरणारे आणि पान्यावर टीका करणारे दोघेही त्यात सापडतात.

नियमाच्या स्वरूपाचा सर्वांत काटेकोर विचार आपल्याकडे पूर्वमीमांसेने केला, आणि त्या शास्त्राचा सात खंडांचा मीमांसाकोश सातारा जिल्ह्यातच सिद्ध झाला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांचे ते काम. त्यांच्याच शिष्यांपैकी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. आज त्याच वाईला औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे पुढची तुलना भूगोलाच्या दृष्टीने तरी ओढूनताणून केलेली नाही. मीमांसक विधींचे प्रकार पाडतात, त्यांतला एक नियमविधी. एखादे फळ अनेक मार्गांनी मिळू शकत असताना शास्त्र जेव्हा त्यांतला एकच मार्ग बांधून देते तेव्हा तो नियमविधी होतो. त्यांचे ठरलेले उदाहरण भाताचे आहे. यज्ञासाठी तांदूळ हवा, म्हणजे साळीची टरफले निघायला हवीत. ती नखांनी सोलूनही निघतील, पण विधी सांगतो की उखळात कांडूनच काढा. तांदूळ तर दोन्हीकडे सारखाच दिसतो, मग हा आग्रह कशाला? मीमांसकांचे उत्तर असे की टरफल निघणे हे दिसणारे फळ आहे, पण कांडण्याच्या नियमातून एक न दिसणारे फळही येते, आणि ते दुसऱ्या मार्गाने येत नाही. बोल्टचेही अक्षरशः असेच आहे. तो साध्या पान्याने आवळता येतो, पान्याला पाइप लावून आवळता येतो, ‘हाताला कळते’ म्हणून अंदाजानेही आवळता येतो. तिन्ही बोल्ट सारखेच दिसतील. तरी नियम सांगतो, याच पान्याने, क्लिक होईपर्यंत. कारण हवे ते फळ दिसत नाही.

तुलना इथे थोडी आवरली पाहिजे. मीमांसकांचे अदृष्ट मोजता येत नाही. बोल्टमधले अदृष्ट प्रयोगशाळेत मोजता येते आणि त्याचे नाव ताण. बोल्ट ही खरे तर एक जाड, आखूड स्प्रिंग आहे. आवळताना तो केसाएवढा लांबतो आणि पुन्हा आखूड व्हायच्या धडपडीत दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. इंजिनाचे डोके जागेवर राहते ते या दाबामुळे, किंवा पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्कीचा मनोरा उभा राहतो तोही यामुळेच. पण पाना हा ताण मोजत नाही. तो मोजतो फिरवायला लागणारा जोर, आणि या दोहोंच्या मध्ये घर्षण बसलेले आहे. ढोबळ मानाने आपल्या जोराचा निम्मा हिस्सा बोल्टच्या डोक्याखालचे घर्षण खाते, ४० टक्क्यांच्या आसपास आटे खातात आणि ताणासाठी उरतो जेमतेम दहावा हिस्सा. दहा मिलिमीटर जाडीचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या आणि पाना ४८ न्यूटन-मीटरला बांधलेला आहे असे धरा. कोरड्या आट्यांवर नेहमीच्या सूत्राने ताण येतो साधारण २४ हजार न्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन वजनाएवढा. आट्यांना तेल लागलेले असेल तर तोच पाना, तेच क्लिक, आणि ताण जातो ३२ हजारांच्या घरात, म्हणजे त्या बोल्टला निर्धास्तपणे सोसवेल त्याच्या अगदी काठावर. कुणी चांगल्या हेतूने मोलिब्डेनमचे ग्रीस चोपडले तर तो ४० हजारांकडे जातो आणि बोल्ट कायमचा ताणला जातो. वरून तो तसाच दिसतो. पाना मात्र तिन्ही वेळा खरेच बोलला. दहा न्यूटन-मीटरच्या वरच्या अशा पान्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणकाप्रमाणे चार टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा आहे, आणि तो त्या मुभेत होता. तरीही बोल्टमधला ताण, नेहमीच्या कामात सगळे ठीक असतानासुद्धा, पंचवीस-तीस टक्क्यांनी वरखाली होऊ शकतो.

यावर घाईने निष्कर्ष निघतो की मग पाना हे थोतांड आहे. कर्मकांडाबद्दल हाच निष्कर्ष आपल्या संतांनी काढला असे पुष्कळांना वाटते. आचार झाला, क्लिक झाले, पण आतला भाव, म्हणजे इथे आतला ताण, असेलच याची खात्री नाही. मग आचार कशाला? हा आक्षेप अर्धा बरोबर आहे, म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहावे लागते. क्लिक हा पुरावा नाही, ती खूण आहे. खूण आणि खुणेने दाखवलेली वस्तू यांत अंतर असते, आणि ते अंतर भरायचे काम पान्याच्या बाहेरच्या गोष्टी करतात: आटे स्वच्छ आहेत का, तेल लावायचे ठरले आहे की कोरडेच ठेवायचे, वायसर तोच आहे का, बोल्ट हाताने दोन-चार आटे सरळ बसला की तिरका शिरला. पण यातून आचार फेकून द्यावा असे निघत नाही. घर्षण आधीच बदलते असते. त्यात मनगटाचा लहरीपणाही मिसळला तर किती ताण आला हे सांगायला काहीच आधार राहणार नाही. पाना एक चल स्थिर करतो, म्हणून बाकीच्यांकडे लक्ष देता येते. उखळात कांडले की तांदूळ आपोआप पवित्र होत नसेल. पण कांडायचे की सोलायचे हा वाद मिटला, की तांदळातले खडे निवडायला वेळ मिळतो. नियम पाळल्यानंतर जे लक्ष मोकळे होते ते कुठे जाते, यावर त्या नियमाची किंमत ठरते. ते लक्ष आट्यांकडे गेले तर नेम सफळ झाला, मोबाइलकडे गेले तर नुसतेच क्लिक झाले. आणि नसलेल्या बोल्टबद्दल तर पाना काहीच बोलू शकत नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाच्या बाजूचा बंद दरवाजा हवेत निखळला. तपासात निघाले की तिथे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. जगातला सर्वोत्तम पाना तिथे मुका असतो.

आता त्याहून जुना आक्षेप, कौशल्याचा. चांगल्या फिटरच्या हाताला बोल्ट कळतो, तो आता पुरे म्हणतो तिथे खरोखर पुरे असते. प्रीसेट पान्याने या हाताला मुका केला, असे म्हणतात. सांगली जिल्ह्यात या आक्षेपाला मोठा वकील आहे, मिरजेचा तंबोरा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि आज मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन आहे. तंबोऱ्याची खुंटी पिळणे आणि बोल्ट आवळणे यांत पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे पिळून ताण आणायचा असतो. पण तंबोऱ्याच्या खुंटीला प्रीसेट पाना लावायचे कुणाला सुचणार नाही. घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा केसभर मागेपुढे केला की जवारी खुलते, आणि कुठे खुलली हे कानच सांगतो. मग बोल्टच्या बाबतीत कानाला, हाताला, अनुभवाला हाकलायचे का?

याचे उत्तर वस्तूत नाही, ती वस्तू कोणासाठी आहे यात आहे. तंबोरा एका गायकासाठी, एका संध्याकाळी, त्याच्या गळ्याच्या पट्टीत लागतो. बिघडला तर तो गायकच मान वळवून पाहतो आणि लावणारा पुन्हा लावतो. गावातल्या लोहाराचेही असेच होते. तो ज्याचा नांगर शेवटायचा त्याला नावाने ओळखायचा, बलुते त्याच्याच खळ्यावरून आणायचा. फाळ निसटला तर दुसऱ्या दिवशी शेतकरी दारात उभा. त्या कौशल्याला ओळखीचे कुंपण होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव जाऊ लागले, तेव्हा हे कुंपण तुटले. बनवणाऱ्याला वापरणारा माहीत नाही आणि वापरणाऱ्याला बनवणारा. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची धास्ती सुरुवातीला या नांगराच्या आड आली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या धास्तीला अडाणीपणा म्हणून हसण्याआधी मला तिच्यात एक रास्त शंका दिसते: ज्याला मी ओळखत नाही, ज्याच्या दारात जाऊन मी भांडू शकत नाही, त्याच्या हातच्या वस्तूवर मी माझी जमीन का सोपवावी? अनोळखी माणसाचे देणे नुसत्या कौशल्याने फेडता येत नाही, कारण कौशल्य त्याला दिसत नाही. ते एका ठरलेल्या मापानेच फेडता येते. प्रीसेट पाना हा अनोळखी माणसाशी केलेला करार आहे. फलटणला इंजिन जोडणाऱ्याला ते कोणत्या रुग्णालयाच्या जनरेटरला लागणार हे कळणार नाही, म्हणूनच त्याचा हात त्या दिवशी कसा होता यावर काही अवलंबून राहता कामा नये.

हा विचार कारखान्यांनी बाहेरून आणला असेही नाही. सज्जनगडावर अखेरची वर्षे काढलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच लेखनक्रियेने केली. मोक्षाचा ग्रंथ, आणि त्यात एक सबंध समास अक्षर कसे काढावे, लेखणी आणि कागद कसे असावेत, ओळी कशा सरळ राखाव्यात यावर. सगळ्या ग्रंथाचे अक्षर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच हाताने, एकाच टाकाने उतरल्यासारखे दिसावे हा त्यांचा आग्रह आहे. का? लिहिणाऱ्याची कला दिसावी म्हणून नव्हे. त्या पोथ्या मठामठांत जाणार होत्या आणि लिहिणाऱ्याला कधीही न भेटलेला माणूस त्या वाचणार होता, हेच मला त्यातले कारण दिसते. लिहिणाऱ्याचा आळस किंवा उमाळा यांपैकी काहीच अक्षरात उतरू नये, ही शिस्त समर्थांना परमार्थाच्या ग्रंथात सांगावीशी वाटली, हे लक्षात घेतले पाहिजे. गीतेने योगाला कर्मातले कौशल्य म्हटले, त्याचा अर्थही हाताची सफाई असा घेतला तर फसगत होते. शंकराचार्यांच्या भाष्यात ते कौशल्य म्हणजे समत्व: स्वभावतः बांधणारे कर्म अशा रीतीने करणे की ते बांधत नाही. टिळकांनी गीतारहस्यात कर्माला कितीही महत्त्व दिले तरी बुद्धीची समता त्यांनी सोडलेली नाही. या अर्थाने पाहिले तर शेवटचा बोल्ट पहिल्यासारखाच आवळणारा माणूस अकुशल ठरत नाही. अर्थात हे म्हणताना मालकाच्या सोयीचा एक चोरदरवाजा उघडतो, याची मला जाणीव आहे. कंटाळवाण्या कामाला योग म्हणायचे आणि पगार तेवढाच ठेवायचा. गीतेचा असा उपयोग पूर्वीही झाला आहे आणि तो मला मान्य नाही. समत्व हे काम करणाऱ्याने मिळवायचे असते. काम देणाऱ्याने ते गृहीत धरायचे नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. बाहेरून लादलेला संयम हा संयमच नव्हे. ज्याला चूक करायची शक्यताच ठेवली नाही, त्याचे बरोबर वागणे हे यंत्राचे वागणे. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरणही याच मुलखातले आहे. जुन्या औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ, १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतींशिवाय, शेती करत राहायचे. कल्पना होती मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या ज्यू माणसाची, जो गांधींच्या, रमण महर्षींच्या आणि पुढे निसर्गदत्त महाराजांच्या सहवासात राहिला. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून आला. या फ्रीडमनचा व्यवसाय काय होता? तो इंजिनियर होता. यंत्रात अटकाव कसा बसवायचा हे ज्याला पक्के ठाऊक, त्याने माणसांसाठी मात्र अटकाव काढून टाकण्याचा प्रयोग केला. मग पान्याला लागू असलेला न्याय माणसाला लागू करणारे आपण कोण?

या आक्षेपाचे उत्तर पान्यांच्या दोन जातींमध्येच दडलेले आहे, आणि निवड करताना त्यांचा फरक नुसता तांत्रिक मानू नये. एका जातीत क्लिक झाल्यावरही पाना ओढता येतो. ठोकळा कलंडतो, आवाज होतो, पण हात थांबला नाही तर जोर पुढे वाढत राहतो आणि बोल्ट जास्त आवळला जातो. दुसऱ्या जातीत ठरलेला जोर भरला की पाना घसरतो, पुढे जोर लागतच नाही. पहिला पाना सांगतो, दुसरा अडवतो. पहिला शास्त्रासारखा आहे. बोध करतो, पाळायचे की नाही ते तुमच्यावर. दुसरा कुलपासारखा. दिवसभर क्लिक ऐकूनसुद्धा ‘एकदा अजून’ म्हणून हिसका देणारे हात असतात, त्यांच्यामुळे घसरणारा पाना निवडला जातो आणि बोल्टच्या बाजूने विचार केला तर तो रास्तच आहे. पण स्वतंत्रपूरने सिद्ध केले ते भिंत काढल्यावर नेम उरू शकतो हे. नेम नको असे त्याने म्हटले नव्हते. कैदी तिथेही कैदीच होते, मर्यादा तिथेही होती, ती फक्त विटांची नव्हती. उलट बाजूने, भिंत असली म्हणून आतला माणूस मेलाच असेही होत नाही. खरा अपमान कशात आहे हे जपानचे उत्पादन-अभियंते शिगेओ शिंगो यांना एका शब्दामुळे कळले. चूक होऊच नये अशा युक्त्यांना त्यांच्याकडे आधी ‘बाका-योके’, म्हणजे मूर्खापासून बचाव, म्हणत. ते नाव ऐकून एक कामगार स्त्री दुखावली आणि शिंगोंनी नाव बदलून ‘पोका-योके’ केले, म्हणजे चुकीपासून बचाव. युक्ती तीच राहिली. बदलले ते एवढेच, की ती कुणाविरुद्ध आहे. पाना कामगाराच्या अडाणीपणाविरुद्ध आहे असे मानणारा कारखाना आणि तो सगळ्यांच्याच थकव्याविरुद्ध आहे असे मानणारा कारखाना, दोघे एकच पाना विकत घेतात.

म्हणून आकडा लपवण्याबद्दल माझा आग्रह वेगळा आहे. पान्यावर आकडा नसावा हे ठीक. पण तो माणसाला माहीत नसावा हे ठीक नाही. मीमांसेत कर्म करणाऱ्याचा अधिकार ही मोठी चर्चा आहे, आणि आपण काय करतो आहोत हे न जाणता केलेल्या कर्माला त्यात फारसे स्थान नाही. ज्याला सांगितले आहे की हा बोल्ट ४८ वर आहे, आटे कोरडे धरून ४८ आहे, आणि तेल लागले तर हाच ४८ घातक आहे, तो माणूस तेलकट बोल्टांची पेटी आली की लाईन थांबवील. ज्याला फक्त ‘क्लिक होईपर्यंत ओढ’ एवढेच सांगितले आहे, तो तेलकट बोल्टही इमानदारीने क्लिकपर्यंत ओढील. त्या चुकीचे पाप कुणाला लागते? जुन्या भाषेतला प्रश्न आहे खरा, पण उत्तर नव्या भाषेतही तेच येते: कॅलिब्रेशनच्या खोलीत बसून आकडा बांधणाऱ्याला आणि तो का बांधला हे न सांगणाऱ्याला. नेम स्वतः धरणारा आणि नेम दुसऱ्यासाठी बांधणारा यांत हा फरक आहे. स्वतःच्या उपासाचे कारण स्वतःला कळलेले असते. दुसऱ्यासाठी स्प्रिंग दाबणाऱ्यावर ते कारण पोचवण्याचे ऋण चढते, आणि ते फिटल्याशिवाय आज्ञाधारकपणाची अपेक्षा करायचा हक्क त्याला नाही. बारीकसारीक शिस्तही याच ऋणात मोडते: एकसारखे दिसणारे दोन वेगवेगळ्या जोराचे पाने शेजारी टांगायचे असतील तर त्यांना वेगळा रंग द्यायचा, डोक्याचा तुकडा बदलून लांबी बदलली तर पुन्हा मोजून घ्यायचे, बारा महिने किंवा पाच हजार वेळा वापर, यांतले जे आधी होईल तेव्हा पाना परत तपासायचा. स्प्रिंगही थकते. नेमाची उजळणी लागतेच.

खंडेनवमीला साताऱ्या-सांगलीच्या कारखान्यांत हत्यारे मांडली जातात, हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूच्या माळा यंत्रांवर चढतात. टॉर्क पाना त्या मांडणीत बहुधा आपल्या प्लास्टिकच्या पेटीतच बसतो. (ते बरेच; रॅचेटच्या दात्यांत कुंकू जाऊ नये.) शस्त्रपूजेकडे मी असे पाहतो की शस्त्र धरणाऱ्याचे पुण्य-पाप शस्त्रालाही चिकटते, म्हणून वर्षातून एकदा ते स्वच्छ करून समोर ठेवायचे. प्रीसेट पान्याच्या बाबतीत हे चिकटणे अगदी एका ठिकाणी खरे होते. समजा पाना हातातून सुटून फरशीवर पडला, रात्रपाळीत. आसपास कुणी नाही, पान्यावर ओरखडा नाही, स्टिकरवरच्या तारखेला अजून पाच महिने आहेत. आत स्प्रिंग किंवा ठोकळा हलला असेल, नसेलही. उचलून ओढला तर तो पूर्वीसारखाच क्लिक करतो. पडलेला पाना वापरायचा नाही, तपासायला द्यायचा, हा सगळीकडचा नियम. पण दिला तर लाईन थांबते, कसा पडला हे विचारले जाते, नाव लिहिले जाते. सगळी चूक-बचावाची यंत्रणा, स्प्रिंग, सील, स्टिकर, नोंदवही, यांतल्या कशालाही ही गोष्ट ठाऊक नसते. एका माणसाला असते. आणि त्याने काय करावे हे ठरवताना त्याला सगळ्यात आधी हे आठवते की मागच्या वेळी ज्याने पडलेला पाना नेऊन दिला, त्याच्याशी लोक कसे बोलले होते. काही ठिकाणी कॅलिब्रेशनच्या खोलीत त्याच जोराचा दुसरा पाना, सील लावून, तयार ठेवलेला असतो, आणि तो घेताना रजिस्टरमध्ये ‘कारण’ या रकान्यात ‘पडला’ एवढा एकच शब्द लिहून चालतो.